एका डोळ्याचा दर

गोंदिया, १० फेब्रुवारी २०२५

ओमेश,

बाबा असते तर आशीर्वाद त्यांनीच दिले असते. आता तेही काम माझ्या गळ्यात आहे, म्हणून ते आधी घे.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारू नकोस. वाटणीच्या दिवशी आपणच ठरवलं की आईबद्दल जे असेल ते लेखी असावं. रजिस्ट्री ऑफिससमोर टेबल टाकून मी वीस वर्षं लोकांचे दस्त लिहितो. सख्ख्या भावांनी तोंडी ठरवलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, ते मी रोज बघतो. पत्र गुलाबचंदच्या काळी-पिवळी जीपमधून पाठवतो आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे.

मुद्दा असा. माझी नीतू संक्रांतीला कामठ्याला आली होती, तेव्हा आईने तिच्या गालाला हात लावून विचारलं, "कोन होय व? दुर्गेश्वरी का?" सून कोण आणि नात कोण, हे तिला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे सांगायला डॉक्टर नको. जानेवारी ते मार्च आई तुझ्याकडे आहे. कागदावर स्पष्ट लिहिलं आहे की तीन-तीन महिन्यांची बारी आणि ज्याच्या बारीत दुखणं निघेल त्याने दवाखाना करायचा.

तुला त्रास नको म्हणून मी स्वतः फिरलो. आता सोय फार झाली आहे. दवाखान्यात शिरलं की भिंतीवर दराचा फलक. कुणाला विचारायला नको, कुणाचं तोंड बघायला नको. स्टेशनकडच्या दवाखान्यात एका डोळ्याचे बारा हजार, बाजारातल्या दवाखान्यात बावीस आणि नवीन काचेच्या इमारतीत परदेशी लेन्सचे पंचेचाळीस. तिन्हींचे फोटो काढून सोबत छापून पाठवतो आहे. माझं मत विचारशील तर पंचेचाळीसवालं कर. जिने आपल्याला जग दाखवलं तिच्या डोळ्यात बारा हजारांची काच घालायला मन धजायला नको.

इंद्रकुमार

*

कामठा, १६ फेब्रुवारी

भाऊ,

नमस्कार. फोटो मिळाले. दुर्गेश्वरीने ते फ्रिजवर चिकटवले आहेत, येताजाता वाचून राहिली आहे.

तुम्हीच लिहिता की संक्रांतीला आईला नीतू ओळखू आली नाही. मोतीबिंदू काय पंधरा दिवसांत येतो? ऑक्टोबर ते डिसेंबर ती तुमच्याकडे होती. दिवाळीत तिने तुमच्या अंगणात पणती समजून उदबत्तीच्या राखेत बोट घातलं, हे वहिनींनीच हसत हसत सांगितलं होतं. दुखणं तुमच्या बारीत निघालं, माझ्या बारीत फक्त ते तुम्हाला दिसलं.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. तीन वर्षांपूर्वी आईचा हात मोडला तेव्हा मी तिला उचलून पहिल्या गाडीत घातलं आणि जो दवाखाना आधी आला तिथे नेलं. तुम्ही धावत आलात. बिल किती होईल हे दोघांनाही माहीत नव्हतं. आलं तेव्हा तुम्ही खिशात हात घातला, मीही घातला. कोणाची बारी चालू आहे ते आठवलंसुद्धा नाही. आता आधीच आकडा कळला आणि मी पहिल्यांदा बारी कोणाची ते बघितलं. खरं सांगायचं तर हा फलक तुम्ही पाठवला नसता तर बरं झालं असतं.

तसंही इथे सगळे म्हणतात, मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो. तोवर मेडिकलमधून एकशे दहा रुपयांचे थेंब आणले आहेत. लाली गेली, आईला थंड वाटतं. आणि घाईच असेल तर सरकारी दवाखान्यात हेच ऑपरेशन फुकट होतं. नेऊ का?

ओमेश

*

गोंदिया, २५ फेब्रुवारी

ओमेश,

फुकट!

हा शब्द पुन्हा लिहू नकोस. नीतूची सोयरीक आमगावच्या लोकांशी चालू आहे. त्यांच्या घरची माणसं सरकारी दवाखान्यात कामाला आहेत. उद्या आई तीस म्हाताऱ्यांच्या रांगेत हिरवी पट्टी बांधून बसलेली त्यांना दिसली, तर मी कोणत्या तोंडाने देण्याघेण्याच्या गोष्टी करू? आणि जरा डोकं चालव. बारा हजारांत एक वस्तू मिळते, पंचेचाळीसमध्ये त्याहून चांगली मिळते, तर ज्या वस्तूला दरच नाही ती कशी असेल?

दिवाळीचं म्हणशील तर पणती आणि उदबत्तीत तर माझीही चूक होते. वरच्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं, घरभर धूळ होती. त्याला दुखणं म्हणत नाहीत. तुझी बारी एकतीस मार्चपर्यंत आहे. मोठं मन कर.

थेंब चांगले आहेत, ते चालू ठेव.

इंद्रकुमार

*

कामठा, १ एप्रिल

भाऊ,

आईला गुलाबचंदच्या गाडीत समोर बसवून दिलं आहे. सोबत पेटी, दोन लुगडी आणि थेंबांच्या चार बाटल्या. दिवसातून चारदा, दोन्ही डोळ्यांत. खंड पडला की डोळे चुरचुरतात असं ती म्हणते.

तिला काही काम करू देऊ नका. मागच्या आठवड्यात ती तांदूळ निवडायला बसली. अख्ख्या कामठ्यात तिच्यासारखं तांदूळ निवडणारी बाई नव्हती, तुम्हाला माहीत आहे. जेवताना सगळ्यांच्या दाताखाली खडे. आमचा टिंकू म्हणाला, "आजी, तू तांदूळ फेकून खडे ठेवले का?" सगळे हसलो. ती ताटावरून उठून गेली आणि दाराच्या चौकटीवर आपटली.

तर आता बारी तुमची. पंचेचाळीसवाला दवाखाना तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तुमचं म्हणणं मला पटलं आहे. आईच्या डोळ्यात हलकी काच नको. दोन्ही डोळ्यांचे नव्वद हजार होतात, मी गुणून बघितलं.

ओमेश

*

गोंदिया, २४ एप्रिल

ओमेश,

घाईने काम बिघडतं. मी एक वही केली आहे. गोंदियातले पाच, भंडाऱ्यातले दोन, नागपुरातले तीन दवाखाने, सगळ्यांचे फलक त्यात उतरवले आहेत. आता माझ्या लक्षात आलं की पंचेचाळीसच्या फलकावर खाली बारीक अक्षरांत 'तपासण्या, खोली व औषधे वेगळी' असं आहे. बावीसवाल्याकडे ते आत धरलेलं आहे. बारावाल्याकडे चष्माही मिळतो. म्हणजे फेब्रुवारीत मी जे लिहिलं ते पूर्ण माहितीवर नव्हतं. शेवटी लेन्स ही लेन्स असते, म्हातारीला काय बस चालवायची आहे?

बाजारातल्या दवाखान्यात तीनशे रुपये फी भरून आईला दाखवलं, ती पावती जपून ठेवली आहे. डॉक्टर म्हणाला, पिकायची वाट बघायचे दिवस गेले, महिन्याभरात करून टाका. दुकानदार असंच म्हणणार. त्याने विचारलं, डोळ्यांत काही घालता का? मी नाही म्हटलं. मनाने औषध घातलं म्हणून हे लोक चार माणसांत झापतात, ते मला खपत नाही.

मी प्रत्येक ठिकाणी विचारलं की दोन्ही डोळ्यांचं एकदम केलं तर किती सोडाल. बाजारातला म्हणाला, फलकावर आहे तेच. पण पावसाळ्यात पेशंट कमी असतात, तेव्हा तो उतरेल असा माझा अंदाज आहे.

आई बरी आहे. दिवसभर व्हरांड्यात बसते. कोण आलं गेलं ते पायांच्या आवाजावरून सांगते. तुझ्या वहिनीला त्याची गंमत वाटते.

इंद्रकुमार

*

कामठा, ६ जून

भाऊ,

काल नीतूने आईला फोन लावून दिला. आई म्हणाली, "ओमेश, डावा डोळा गेला रे बाबू. दिव्यापुढं हात धरला तरी दिसत नाही. डोकं असं दुखते का भिंतीले आपटावंसं वाटते. इंद्राले सांगतो तं तो वही काढते."

पावसाळा म्हणजे माझी बारी. तुमचा अंदाज माझ्या लक्षात आला आहे. मी शेतकरी असेन, पण बैल नाही. ऑपरेशन झाल्याशिवाय एक जुलैला आईला पाठवू नका. दारातून परत पाठवायला लावू नका मला.

आणि सोयरीक पक्की झाली म्हणून वीस माणसांना जेवण घातलंत, त्याचा फलक कुठे लागला होता? तिथे तर तुम्ही दहा दुकानं फिरला नाहीत.

ओमेश

*

गोंदिया, ३० जून

ओमेश,

आईला एक दिवस आधी पाठवतो आहे. दारातून परत पाठवलंस तर गाव बघेल. ती जबाबदारी तुझी.

परवा तिला रात्रभर उलट्या झाल्या म्हणून बाजारातल्या दवाखान्यात न्यावंच लागलं. डाव्या डोळ्यातला दाब वाढून आतली नस मेली आहे. तो डोळा परत येत नाही. उजव्यात नस थोडी जिवंत आहे. आता लगेच केलं तर तो वाचेल असं डॉक्टर म्हणाला.

या वेळी आईनेच पदराला बांधलेली थेंबांची बाटली काढून त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने ती वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही चोरलं आहे. म्हणाला, हे महिनोन्‌महिने घातलं की डोळा मरतो, कुणी दिलं? मी खरं ते सांगितलं, की माझ्या धाकट्या भावाने. बाटली तुझ्या गावच्या मेडिकलची आहे आणि थेंब तुझ्या बारीत सुरू झाले, हे इथे नोंदवून ठेवतो. आता ते बंद कर. दाबाची वेगळी औषधं त्याने लिहून दिली आहेत, ती तिकडेच घे. इथे जरा महाग पडतात.

त्यातल्या त्यात एक गोष्ट बरी झाली. आता एकाच डोळ्याचा दर लागेल. खर्च निम्म्यावर आला आहे. एवढं तरी तू करू शकशील.

इंद्रकुमार

*

कामठा, १३ जुलै

भाऊ,

आई पोचली. दारातून परत पाठवली नाही. गुलाबचंद उभा होता आणि शेजारचा बकाराम बघून राहिला होता.

थेंब मी सुरू केले हे खरं. नव्वद दिवस तुम्ही घातले हेही खरं. डॉक्टरने एप्रिलमध्ये तोंडावर विचारलं तेव्हा नाही कोण म्हणालं? तुमच्याच हातचं पत्र माझ्याकडे आहे.

आता हिशेबाचं बोलू. डावा डोळा तुमच्या बारीत गेला. तो वेळेवर केला असता तर बावीस हजार तुमचे गेले असते. ते वाचले. ते वाचलेले बावीस उजव्या डोळ्याला लावा. माझ्या माथी नवीन काही येत नाही. हे दुर्गेश्वरीला सुचलं आणि मला ते बरोबर वाटतं.

दाबाची औषधं महिन्याला साडेनऊशेची आहेत. पंधरा दिवसांची आणली. धानाची रोवणी चालू आहे, रोप लावायला बायका मिळून नाही राहिल्या, मला गोंदियाला यायला दिवस नाही. तुमचं उत्तर आलं की पुढची बाटली आणतो.

ओमेश

*

गोंदिया, २ ऑगस्ट

ओमेश,

तुझं पत्र मी दोघा वकिलांना दाखवलं, नावं झाकून. दोघेही हसले. न झालेल्या खर्चाची वसुली कोणत्याही कायद्यात बसत नाही. दुर्गेश्वरीला म्हणावं, दस्त लिहायला माझ्या टेबलावर बैस.

तरी मी मोठा आहे. मी निम्मे द्यायला तयार आहे. पण निम्मे बारा हजारांचे, म्हणजे सहा. तुला बावीसवाला करायचा असेल तर वरचे सोळा तुझे. आणि हे बारीचा नियम मोडून केवळ माणुसकी म्हणून दिले, यावर पुन्हा हक्क सांगता येणार नाही, असं स्टॅम्प पेपरवर लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात. मजकूर मी तयार करतो. पोळा झाला की ये, सही करू आणि लगेच आईला घेऊन जाऊ.

तोवर औषध थांबवू नकोस. ते तुझ्याच बारीत येतं.

इंद्रकुमार

*

कामठा, १२ सप्टेंबर

भाऊ,

तुमचा कागद आता फाडून टाका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आई उठून न्हाणीघरात जायच्या ऐवजी गोठ्यात गेली. तिथेच बसून राहिली. हाक मारली तर म्हणाली, "उजाडलं नाही का अजून?" दहा वाजले होते, ऊन तिच्या तोंडावर होतं.

औषध मी जुलैअखेर थांबवलं होतं. तुमच्या उत्तराची वाट बघून राहिलो होतो आणि उत्तर आलं ते असं आलं. खोटं कशाला लिहू?

मंगळवारी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. रांगेतून पुढे घेतलं. बॅटरी लावली, वरून, खालून, बाजूने. आई प्रत्येक वेळी विचारायची, "लावली का?" मग बाईंनी बॅटरी बंद केली. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, सहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर वीस मिनिटांचं काम होतं आणि एक रुपया लागला नसता. मी म्हटलं, आता किती लागेल? त्या म्हणाल्या, आता पैशाचं काम नाही. आणि आत निघून गेल्या.

येताना गाडीत आईने एकदाच विचारलं, "फुकट होतं म्हनते ते बाई, खरं का?" मी हो म्हटलं. 

तर भाऊ, आता खर्चच उरला नाही. आपण सात महिने ज्याच्यावरून भांडलो ते संपलं. माझ्या मनात काही नाही. तुमच्याही नसावं.

ओमेश

*

गोंदिया, २० सप्टेंबर

प्रिय ओमेश,

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. किती दिवसांनी तू असं भावासारखं लिहिलंस. माझ्याही मनात काही नाही. दैवाला जे मंजूर होतं ते झालं, त्यात तुझी-माझी बारी काय करणार?

आता दोन कामाच्या गोष्टी. नीतूचा साखरपुडा दसऱ्यानंतरच्या रविवारी, पाच तारखेला आहे. एक ऑक्टोबरपासून आई माझ्याकडे यायची, पण हॉलमध्ये गर्दी, पायऱ्या, पाहुणे. तिचे हाल होतील. पाच तारीख उलटेपर्यंत तिला तुझ्याकडेच ठेव. ते पाच दिवस मी जानेवारीत भरून देईन, वाटल्यास लिहून देतो.

दुसरं. आमगावचे लोक आईच्या डोळ्यांची चौकशी करत होते. मी सांगितलं की काचेच्या इमारतीत परदेशी लेन्स टाकली, दोन्ही डोळ्यांत, नव्वद हजार गेले, पण यश आलं नाही. ते हळहळले. नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, आजकाल आईसाठी इतकं कोण करतं? तूही गावात तेच सांग. नव्वद हजारच सांग. दोन्ही घरांत आकडा एकच असावा.

तुझा भाऊ,
इंद्रकुमार

*

कामठा, ३० सप्टेंबर

भाऊ,

तुमच्या म्हणण्याप्रमाणे मी नव्वद हजार सांगितले. परवा चौकात बकाराम आणि चार जण होते, आईला ओट्यावर बसवलं होतं. मी सांगून राहिलो होतो की परदेशी लेन्स होती, नशीबच खोटं. सगळे च्‌ च्‌ करत होते. आई सगळं ऐकत होती. मग मोठ्याने म्हणाली, "खोटं नोको बोलू, बारीवाल्या. माह्या डोळ्यात पान्याचे थेंब गेले आन तुमच्या दोघांची पत्रं गेली. दुसरं काई गेलं नाही."

तेव्हापासून ती मला नावाने हाक मारत नाही. "बारीवाल्या, पानी दे." "बारीवाल्या, संडासाले ने." दुर्गेश्वरीला बारीवाली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आई, मी ओमेश. ती म्हणाली, "दिसत नाही मले. तू कोन आन तो कोन, दोघाईचा आवाज एकच येते. जो बारीले हाय तो बारीवाला." आता चौकातली पोरंही मला तेच म्हणतात. काल कृषी केंद्रात खत घ्यायला गेलो, तर मालकाने बिलावर नाव लिहिताना विचारलं, "बारीवाले ना?" आणि दुकानातली सगळी माणसं हसली.

पाच तारखेचं तुमचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, पण रागाच्या भरात दाखवलं. ती उठून बसली. म्हणाली, "नातीचा साखरपुडा होय. मी जाईन आन मांडवात सगळ्यायच्या पुढं बशीन. पाहुण्याईनं इचारलं तं सांगीन."

मी थांबवणार नाही. कागदाप्रमाणे एक तारखेपासून बारी तुमची आहे, आणि पाच दिवस जास्त ठेवायला मला लेखी बंधन नाही. उद्या सकाळी गुलाबचंद तिला तुमच्या दारात सोडेल. दार लावून घेतलंत तर ती ओट्यावर बसेल असं म्हणाली आहे, आणि तुमच्या गल्लीत माणसं कामठ्यापेक्षा जास्त आहेत.

हॉलमध्ये घालायला तिला नवीन लुगडं घेऊन दिलं आहे, लाल काठाचं. रंग तिने हाताने चाचपून विचारला. त्याचे पैसे तुम्हाला मागत नाही.

ओमेश